सासूबाईंच्या तिजोरीतले कान

या, असे जवळ या. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही पुढे सरका, कारण आजची गोष्ट कानांची आहे आणि लांबून ऐकली तर अर्धी वाटेत सांडते. देवाने माणसाला कान दिले ते सूर ऐकायला. पण एका भल्या गृहस्थाच्या नशिबी कानांनी चोरी करण्याची नोकरी आली, त्याची फजिती तुम्हाला सांगतो.

हा गृहस्थ टीव्हीवरच्या मालिकेत तिजोरीफोड्याचं काम करी. डोळे मिटायचे, बोटांवर फुंकर मारायची, तिजोरीला कान लावून चकती फिरवायची. ‘टिक्’ झालं की दार उघडलंच! त्याला पाहून घरोघरी बायका गळ्यातलं चाचपत. खरं तर ती तिजोरी फळ्यांची, दार आतून एक सुतार ढकली, आणि ती ‘टिक्’ मागाहून कोणीतरी बॉलपेन दाबून काढी.

पण हे त्याच्या सासूबाईंना कोण सांगणार? एका दुपारी त्यांनी मालिकेत जावयाला एका विधवेची तिजोरी चुटकीसरशी उघडताना पाहिलं आणि त्यांच्या काळजात चर्र झालं. तशाच उठल्या, आपल्या तिजोरीचा आकडा बदलला, ऐकण्याचं यंत्र कानातून काढून नेहमीप्रमाणे आत ठेवलं, दार लावलं आणि निर्धास्त झोपल्या. जाग आली तेव्हा नवा आकडा स्वप्नाबरोबर निघून गेला होता.

आणि संध्याकाळी शाळेच्या सभागृहात नातीचं पहिलं गाणं! “आजी, तू अगदी पुढे बसायचं,” असं पोरीने येता-जाता बजावलेलं. यंत्राशिवाय आजीला ढगांचा गडगडाटही कुजबुजीएवढाच.

लेकीने नवऱ्याला फोन लावला. “अहो, असाल तसे या. आईचे कान तिजोरीत अडकलेत!”

तो धापा टाकत पोचला, तर शेजारपाजार खुर्च्या मांडून तयार.

“आई, आकडा काही आठवतोय का?” तो सासूबाईंच्या कानाशी ओरडला.

“वाकडा? नाही हो जावईबापू, सरळच बसलेय मी.”

“आकडा! आकडा!”

“हां, तो होय! तुमच्याच धाकानं बदलला. आता तुम्हीच उघडा. परक्यांच्या उघडता, मग घरचीच का जड जाते?”

“आधी डोळे मिटा,” समोरच्या शिंप्याने सुचवलं.

“फुंकर राहिली, फुंकर!” शेजारीणबाई म्हणाल्या.

बिचाऱ्याने डोळे मिटले, फुंकरही मारली. चकती इकडे फिरवली, तिकडे फिरवली. तिजोरी ढिम्म.

“अहो, मला खरंच येत नाही हे!” तो काकुळतीला आला.

“बघा, गर्व म्हणून नाही!” शेजारीणबाईंनी कौतुकाने मान डोलावली.

“शांत! सगळे एकदम शांत!” शिंपी ओरडला.

“दात?” सासूबाई म्हणाल्या. “दात तोंडातच आहेत. आत कान आहेत.”

एवढ्यात खालच्या मजल्यावरचे डॉक्टर छाती तपासायची नळी घेऊन आले. जावयाने ती कानात घातली, नळीच्या टोकाची चकती तिजोरीला लावली, आणि टुणकन मागे उडाला.

“आत काहीतरी जिवंत आहे! कुंई कुंई करतंय!”

“उंदीर!” शेजारीणबाई खुर्चीवर चढल्या. खुर्ची मोडली. त्या शिंप्यावर पडल्या, शिंपी जमिनीवर पडला, आणि डॉक्टर तिजोरी सोडून त्याच्या कमरेला लागले.

“यंत्र चालू राहिलंय, तेच शिट्टी वाजवतंय,” लेक कपाळावर हात मारून म्हणाली.

“सरका, मीच बघते,” म्हणत सासूबाईंनी नळी ओढून आपल्या कानांत घातली. दुसऱ्या टोकाची चकती जावयाच्या मुठीतच राहिली. ती मूठ हनुवटीला टेकवून तो बायकोच्या कानात पुटपुटला, “काय करू ग? पोरगी गाणार आणि या म्हातारीला एक सूर पोचायचा नाही.”

“म्हातारी कोण?” सासूबाई कडाडल्या.

जावई पांढराफटक पडला. मग एकाएकी त्याचा चेहरा उजळला. त्याने चकती तोंडाशी धरली. “आई, ऐकू आलं?”

“आलं की! म्हातारी म्हणालात!”

“म्हातारी!” तो आनंदाने नाचू लागला. “म्हातारी, म्हातारी, म्हातारी!”

“अग, आवर याला!” सासूबाई लेकीला म्हणाल्या. पण नळी काही त्यांनी कानांतून काढली नाही.

संध्याकाळी सभागृहात त्या लाऊडस्पीकरच्या खोक्याला खेटून बसल्या, कानांत नळी आणि चकती खोक्यावर दाबलेली. “स्पीकर आजारी आहे का हो?” कोणीतरी मागून विचारलं. नातीने पहिला सूर लावला आणि आजीचे डोळे भरून आले. दुसऱ्या कडव्याला त्या ठेकाही धरू लागल्या. टाळ्या संपताच मात्र त्या जावयाकडे वळल्या आणि ‘म्हातारी’ या शब्दावर घरी पोचेपर्यंत बोलल्या.

लोक अजून म्हणतात, जावयाला तिजोरी उघडता आली नाही, पण त्याने सासूचे कान उघडले, आणि सासूने त्याची कानउघाडणी केली.

तर मंडळी, घरात सगळे हसून झाल्यावर उशिरा हसणारं एखादं माणूस असतं. त्याची आठवण ठेवा. ही गोष्ट त्याच्या शेजारी बसून, त्याच्या कानाशी, पुन्हा एकदा सांगा.