वकीलबाईंच्या घरचं सुतक

एखादा निवाडा वारला, की आमच्या वकीलबाई त्या दिवशी गोड खात नाहीत. चहासुद्धा बिनसाखरेचा. त्यांच्या हाताखाली लागलो त्याच आठवड्यात मी पेढे घेऊन गेलो होतो, तर त्यांनी हात जोडून सांगितलं, "आज नको. आपल्यातला एक गेला."

मी घाबरून विचारलं, कोण गेलं? तर तो भाडेकरूंच्या बाजूचा एक जुना निकाल होता. वरच्या कोर्टाच्या मोठ्या पीठाने तो चुकीचा ठरवला होता. बाईंनी कपाटातून जाडजूड खंड काढला, पान उघडलं, निकालाच्या नावाआधी पेन्सिलने "कै." लिहिलं आणि खंड अलगद जागेवर ठेवला. मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा पाहून पेढ्यांचा पुडा मी गुपचूप पिशवीत घातला.

वकीलबाई म्हणजे अॅडव्होकेट सुमन इंगोले. वाशिमच्या कोर्टात बायका वकील आता पुष्कळ आहेत, पण नुसतं "वकीलबाई" म्हटलं की रिक्षावाला यांच्याच दारात आणून सोडतो. ठेंगणी मूर्ती, डोळ्यांवर एक चष्मा आणि डोक्यावर दुसरा. कोर्टाजवळच घर, पुढच्या खोलीत ऑफिस आणि भिंतभर पुस्तकं. मी अनसिंगचा. अकोल्याहून वकिलीची परीक्षा पास होऊन आलो तेव्हा मला वाटायचं, मोबाइल आहे म्हणजे कायदा खिशातच आहे. बाईंनी हा गैरसमज फार प्रेमाने काढला नाही.

निकालाच्या डोक्यावर छापलेला सारांश तेवढा वाचून मी त्यांच्यासमोर उभा राहिलो, तर म्हणाल्या, "म्हणजे लग्नाची पत्रिका वाचून आला. पंगतीत कवा बसशीन?" कुठलाही निवाडा नेला की पहिला प्रश्न ठरलेला, "जित्ता हाये का?" मग पीठात किती न्यायाधीश होते, पुढे कोणी त्याला मान दिला, कोणी बाजूला सारला, सगळं सांगावं लागायचं. अर्धाच मोडला असेल तर समासात "लकवा" अशी नोंद. वर्षानुवर्षं कोणी नावच काढलं नसेल तर तो "वनवासात".

साठी उलटल्यावर त्या कंप्युटर शिकल्या. टाइप करतात एकाच बोटाने, पण त्या बोटाने काय काय उकरून काढतात ते मी तोंड उघडं टाकून पाहत बसायचो. तरी त्यांचा त्या यंत्रावर काडीचा विश्वास नाही. "त्याले लाज नाही ना बाप्पा," त्या म्हणतात. "मेलेल्याले बी पावडर लावून पुढं उभा करते." म्हणून पडद्यावर सापडलेलं पुस्तकात बघायचं आणि पुस्तकात सापडलेलं पडद्यावर, हा घरचा नियम. एकदा घाईच्या दिवशी मी तो मोडायला निघालो, तर त्यांनी माझी खुर्चीच काढून घेतली.

शनिवारी दुपारी आम्हा ज्युनिअरांची शिकवणी असते. बाई एक वऱ्हाडी शब्द टाकणार आणि तो कायद्याच्या इंग्रजीत कुठे दडून बसलाय ते आम्ही शोधायचं. पक्षकार येऊन सांगतो, धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडण झालं. आता धुरा टाइप करून सात जन्म काही हाती लागायचं नाही. मग बाउंड्री बघा, रिज बघा, एम्बँकमेंट बघा. धुऱ्यावरच्या बाभळीचं एक भांडण आलं होतं, त्याला बाईंनी आधार काढला तो थेट मद्रासकडच्या नारळाच्या झाडाचा. मी म्हटलं, बाई, नारळ कुठे, बाभूळ कुठे. तर म्हणाल्या, "झाडाचं नाव काहून पायतं? सावली कोनाच्या वावरात पडून राह्यली ते पाय." खरं सांगतो, त्या दिवशी मी मनातल्या मनात त्यांना दंडवत घातला.

मग बेबीची केस आली. बेबी किन्हीराजाला दिलेली, माहेर वाशिमला लागूनच. बापाचा वडिलोपार्जित भाजीपाल्याचा मळा होता. बाप जाऊन खूप वर्षं झालेली, मळा भावाच्या ताब्यात, आणि बेबी दुसऱ्यांच्या वावरात मजुरीने निंदायला जायची. लेकींना बरोबरीचा हिस्सा देणारा कायदा आला त्याच्या आधीच बाप वारला, म्हणून तुझा हक्क बसत नाही, असं भावाने ऐकवलेलं. बाईंसमोर बसून ती एवढंच म्हणाली, "मले बापाच्या मळ्यात माह्या हातानं मेथी टाकाची हाये."

कोर्टात भावाच्या वकिलाने ताजा छापून आणलेला निवाडा पुढे केला. कायदा आला त्या दिवशी बाप जिवंत नसेल तर मुलीला काही नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मागच्या बाकावर बेबीने पदर तोंडाला लावला. बाई शांतपणे उठल्या, डोळ्यांवरचा चष्मा काढून डोक्यावरचा लावला आणि म्हणाल्या, "साहेब, माझ्या विद्वान मित्रांच्या निवाड्याबद्दल मला आदर आहे. पण तो वारला."

"काय झाला?" न्यायाधीशांनी विचारलं.

"वारला, साहेब. मोठ्या पीठाने मोडला. मुलीचा हक्क जन्माने येतो, बाप कधी गेला हे बघायचं नाही." आणि त्यांनी मोठ्या पीठाचा निकाल समोर ठेवला, आधी पुस्तक, मग प्रिंट. न्यायाधीशांनी हसू लपवायला फाइल तोंडासमोर धरली, पण वाचलं मात्र पानन् पान.

बेबीला हिस्सा मिळाला. निकालानंतर ती थैलीभर वांगी घेऊन आली, पण तिच्या चेहऱ्यावर आनंद काही दिसेना. विचारल्यावर कळलं. भावाने सांगितलं होतं, हिस्सा घेतलास ना, मग आता तुला माहेर नाही. दिवाळीला येऊ नको.

"याच्यावर काई कायदा नाही का, बाई?" तिने विचारलं.

दुसऱ्या कोणी तिची समजूत घातली असती. बाईंनी तो प्रश्न प्रश्न म्हणूनच घेतला. कंप्युटरपुढे बसल्या आणि मला विचारलं, "माहेरले इंग्रजीत काय लिहाचं?" मी सुचतील ते शब्द सांगत गेलो. पडद्यावर हुंडा आला, पोटगी आली, मारहाण आली, बायको नांदायला येत नाही म्हणून नवऱ्यांनी केलेले दावे आले. दिवाळीला लेकीने कुठे जायचं, ते कुठेच नव्हतं. बाईंनी कपाटातली सूचीही काढून पाहिली. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नाही सापडत, वं," त्या म्हणाल्या. "तू असं कर, दिवाळीले माह्याकडं ये. चार दिवस राहा. लेकराइले घेऊन ये."

बेबीने चमकून वर पाहिलं.

"माह्याकडं कोनीच येत नाही दिवाळीले," बाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "मी एकलीच रायते."

न्यायाधीशांपुढे न कचरणाऱ्या या बाई उत्तराची वाट बघताना साडीच्या पदराशी चाळा करत होत्या. इतकी वर्षं त्यांच्याकडे शिकलो, पण सुट्टीत त्या काय करतात हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

बेबीने आतल्या, पाहुण्यांच्या खोलीत डोकावून पाहिलं. "येतो ना बाई. पन निजू कुठीसा? पलंगावर तं पुस्तकंच पुस्तकं हायेत."

ती गेल्याबरोबर बाईंनी मला कामाला लावलं. आम्ही दोघांनी पलंगावरचे खंड एकेक करून उतरवले आणि भिंतीशी रचले. खाली गादी निघाली. दुकानातून आणतानाचं प्लॅस्टिक अजून तिच्यावर तसंच होतं.

"काढ ते," बाई म्हणाल्या.