बिनभाजल्या राबाचा शांताराम

माझा दीर शांताराम याच्या घरी पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला खड्डा दाखवतात. घरामागे, गोठ्याला लागून, पालापाचोळ्यानं भरलेला. "लघवीला जायचं झालं तर इथंच," शांताराम स्वतः सांगतो. "दुसरीकडं फुकट घालवू नका." आमचे तुडीलचे व्याही पहिल्यांदा आले, तेव्हा ते खड्ड्याशी उभे आणि हा पाठमोरा उभा राहून त्यांना नत्र म्हणजे काय ते समजावतोय. व्याही तसेच परत फिरले. चहासुद्धा घेतला नाही.

शांताराम काही शास्त्रज्ञ नाही. महाडच्या एका हायस्कुलात तीस वर्षं प्रयोगशाळेचा शिपाई होता. काचेच्या नळ्या धुता धुता जे कानावर पडलं ते त्यानं साठवलं आणि निवृत्त झाल्यावर पोलादपूरच्या वर, आमच्या वाडीत आणून ओतलं. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शेंबडा पोर होता, म्हणून मी त्याला अरे-तुरे करते. बाकी वाडी त्याला 'सर' म्हणते, आणि म्हणताना हसते.

वीज कडाडली की माणसं घरात पळतात. हा अंगणात येऊन ओरडतो, "वयनी, फुकटचं खत आलं!" विजेमुळे हवेतलं नत्र पावसाबरोबर जमिनीत उतरतं म्हणे. एकदा माझ्या परसातले चवळीचे चार वेल मुळासकट उपटून घेऊन आला. "गाठी बघा! आतनं गुलाबी हायत. म्हंजे जंतू कामावर हायत."

मी म्हटलं, "ते कामावर हायत, पण माझी चवळी मेली त्याचं काय?"

"मेली तरी जात कुठं नाय. फिरत ऱ्हाते."

भाजी मात्र फिरून माझ्या ताटात आली नाही.

आमच्याकडे भात पेरण्याआधी राब भाजतात. म्हणजे रोपं काढायच्या वाफ्यावर तोडलेल्या फांद्या, गळलेल्या पानांचा पातेरा, शेण पसरायचं, वर माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. त्या राखेत बी पेरायचं. सासऱ्यांनी भाजला, त्यांच्या बापानं भाजला. निवृत्त होऊन आला त्या वर्षी शांताराम माझ्या हातातली काडी आणि राब यांच्या मध्ये येऊन उभा राहिला.

"वयनी, पान काय मातीतनं मोठं होत नाय. हवेतला कर्ब घेऊन होतं. जाळलंत की कर्ब हवेत, नत्रबी हवेत, हातात राख. कुजवलंत तर थोडंफार मातीत ऱ्हाईल."

राब आमचा दोघांचा सामाईक. त्याची आणि माझी, दोन्ही खाचरं त्याच रोपांवर लावायची. तरी मी म्हटलं, कर.

माझी चूक झाली. त्याचीही झाली. त्यानं सुका पातेरा आणि पेंढा तसाच मातीत गाडला आणि वर भात पेरलं. रोपं उगवली ती पिवळी. शेजारचा गणू बांधावर येऊन म्हणाला, "सर, ह्यो राब हाय का काविळीचा दवाखाना?" त्या वर्षी या वयात मी माहेरी, नाते गावात जाऊन रोपांच्या जुड्या मागून आणल्या. भावजयीनं दिल्या, पण देताना तोंड वाकडं केलं ते अजून डोळ्यांपुढे आहे.

शांताराम दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी राब उकरून धावत आला. "जंतू, वयनी! सुकं कुजवायला त्यांनाबी नत्र लागतं. आधी ते जेवले, रोपांना काय उरलंच नाय."

"म्हंजे पंगत उलटी बसवलीस."

"हां, बराब्बर!" त्याला इतका आनंद झाला की मला त्याला मारावंसं वाटलं.

मी बजावलं, "पुढच्या साली एकदाच करून बघ. पिवळं पडलं तर त्याच्या फुडं मी काडी लावणार नि तू मधी यायचं नाय." त्याचा चेहरा असा उतरला की मी बघतच राहिले. चार रोपांपायी एवढं? पण "कबूल" म्हणाला.

मग वर्षभर त्याचं एकच काम, तो खड्डा. पातेरा, शेण, गोमूत्र, गिरिपुष्पाचा हिरवा पाला आणि पाहुणे. महिन्याला खालवर करायचा, हात घालून ऊब बघायचा, दाई पोट बघते तसा. मे महिन्यात काळं, भुसभुशीत, चहाच्या पुडीसारखं खत निघालं. ते त्यानं राबात मिसळलं आणि पेरणी केली.

आणि लगेच तीन दिवस असा पाऊस कोसळला की समोरचा डोंगर दिसेना. उतारावरच्या भाजलेल्या राबांतली राख गेली, राखेबरोबर बी गेलं. गणूच्या राबात तर खालचा दगड दिसायला लागला. आमची माती पाणी प्यायली आणि जागेवर बसून राहिली. पंधरवड्यानं मी पिवळं शोधायला चष्मा लावून गेले. तीन फेऱ्या मारल्या. एक पात पिवळी मिळेल तर शपथ!

गणू आला. टोपी हातात. "सर, रोपं उरतील का ओ?"

शांताराम आत गेला आणि शाळेचा खाकी सदरा घालून, सगळी बटणं लावून बाहेर आला. "आधी खड्डा बघ."

गणूनं खड्डा नुसता बघितला नाही, वाडीदेखत त्यात आपला वाटाही दिला. बायकांनी तोंडाला पदर लावले. मी ओरडले, "गणू, दवाखान्यातले पेशंट बरे झालेत, आता घरी ने!" आमची लावणी होऊन आणखी तीन घरांची लावणी त्या राबावर झाली. खाकी सदरा रोज संध्याकाळपर्यंत चिखलानं माखायचा, पण लावणी संपेपर्यंत त्यानं तो सोडला नाही.

शेवटची जुडी लावून सगळे गेले. आम्ही दोघंच बांधावर टेकलो. मी विचारलं, "आता जिंकलास. खरं सांग, जाळण्यावर एवढा राग का?"

तो नखांतला चिखल काढत राहिला. मग त्याच्या बायकोचं नाव घेतलं. पहिल्यांदाच, ती गेल्यापासून.

"सुमनला नदीवर नेली तवा मी धुराकडं बघत होतो. सुतक फिटल्यावर शाळेत गेलो नि विज्ञानाच्या सरांना इचारलं, धुरातला कर्ब जातो कुठं. सर म्हणाले, झाडांची पानं घेतात. कुठल्या झाडाची, म्हटलं. ते सांगता येत नाय म्हणाले. मंग मी काडी कुठल्या पानाला लावू, वयनी?"

मी रडणारी बाई नाही. "ऊठ, थंडी भरंल," म्हटलं आणि घरी आले.

अंग धुवायला पाणी तापवायचं होतं. पावसाळ्यात चूल पेटवायला मी पडवीत सुक्या पानांचं पोतं भरून ठेवते. त्यात हात घातला, मूठभर पानं काढली, आणि परत आत टाकली. मुंबईहून मुलानं पाठवलेल्या मिक्सरचा खोका होता, तो फाडून चुलीत घातला. पाणी तर तापवायचंच होतं.