लिहाजा, हूं म्हण!

दगडूच्या भूमितीला समोरच्यानं 'हूं' म्हटलं नाही, तर तो सिद्धांत पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायचा. आमच्या वडवणीकडं गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार द्यायची रीतच आहे. हुंकार थांबला की गोष्ट थांबते. पण ती रीत राजाराणीसाठी. ती त्रिकोणाला लावणारा उभ्या निजामी मुलखात हा एकटाच असावा.

आम्ही दोघं एकाच गावचे आणि औरंगाबादेला कॉलेजात एकाच खोलीत. दगडू मेंढपाळाच्या घरातला, बापामागं आईनं वाढवलेला. शिक्षण सगळं उर्दूत. त्रिकोणाला मुसल्लस म्हणायचं, गणिताला रियाजी. दगडूचा त्यातला लाडका शब्द एकच: लिहाजा, म्हणजे 'म्हणून'. तो त्यानं वर्गाबाहेरही मोकाट सोडला होता. खानावळवाल्याला म्हणायचा, "वरनात डाळ दिसंना. लिहाजा, हे पानी हाय."

शशमाही, म्हणजे सहामाही परीक्षा, जवळ आली. गणितात नापास झाला असता तर त्याची फी-माफी जाऊन तो पुन्हा मेंढरांमागं लागला असता. म्हणून मी मुकाट्यानं हुंकार देत बसायचो. पण डोळे मिटून दिलेलं 'हूं' या गृहस्थाला चालत नसे. प्रत्येक पायरीनंतर तो थांबायचा आणि डावी भुवई पार टोपीपर्यंत चढवायचा. हुंकार त्या भुवईवर पडला पाहिजे.

"डोळे उघड बे! भुवई बघ!"

"मला कान हायेत ना!"

"कान ठिव बाजूला. भुवई दिसली का न्हाई, ते सांग."

परीक्षेआधी सुट्टी लागली, आम्ही गावी आलो आणि माझी सुटका झाली. आता दगडू मेंढरांच्या वाड्याशी, कुंपणाजवळ, लोकर कातणाऱ्या मायसमोर बसून सिद्धांत म्हणू लागला. माय चाती फिरवत हुंकार द्यायची. काय तो हुंकार! एकदाही चुकला नाही. म्हातारीला रियाजी येते म्हणून गावात बोभाटा झाला. पाटील स्वतः बघायला आले.

"माय, मुसल्लस म्हंजी काय वं?"

माय नुसती हसली आणि कातत राहिली.

"बघा," पाटील म्हणाले, "विद्या लपिवती!"

परीक्षेच्या दिवशी काळजी मलाच. इथं याला हुंकार कोण देणार? मला राहवेना. मागच्या बाकावरून मी हळूच एक 'हूं' सोडला. पहाऱ्यावरच्या मास्तरांनी मला उचलून थेट आपल्या टेबलासमोर बसवलं. दगडूनं मान वरसुद्धा केली नाही. तो भराभरा लिहीत होता.

तो चांगल्या गुणांनी पास झाला; मी कसाबसा. निकाल सांगायला गावी गेलो. माय पाठमोरी कातत बसली होती. तिच्या मागं कुंपणावरची घागर धाडकन पडली. मेंढरं उधळली. माय हललीसुद्धा नाही.

मी दगडूकडं बघितलं. तो हळूच म्हणाला, "वरीस झालं तिचे कान जाऊन. गावाला ठाव न्हाई."

"मंग हुंकार..."

"मला कशाला लागंल बे हुंकार? तिला लागतो. बहिरी हाय कळून मानसं बोलायची बंद झाली, तर कसं व्हायचं तिचं? गोष्ट सांगावी तर भलत्याच जागी हसती, मग लोक तिलाच हसतेत. गनितात हसायची जागाच न्हाई. थांबलं की हूं म्हनावं, झालं. भुवई लांबून दिसती का, ते तुज्यावर बघून घेतलं."

इतके दिवस त्याची टिंगल केली होती. मी वाकून पडलेली घागर उचलून ठेवली.

दगडू मायच्या पुढ्यात जाऊन बसला. तिनं चाती थांबवली.

"माय, मी पास झालो. लिहाजा, मला परत जावं लागतंय."

शेवटी त्याचा आवाज फाटला. भुवई मात्र वेळेवर चढली.

"हूं," माय म्हणाली.