गुलाबरावांच्या बाळंतिणी

नागपूरहून तपासणीला आलेल्या एका मोठ्या साहेबाला गुलाबराव तायड्यांनी दारातच अडवलं होतं. साहेबांचे बूट करकर वाजत होते. गुलाबराव हात जोडून, पण दाराच्या अगदी मधोमध उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "आत नका जाऊ जी. बाळंतीण हाय."

साहेब दोन पावलं मागे सरले. शेडवर काम करणारी कुणी मजूरबाई अडली असावी असं त्यांना वाटलं. त्यांनीही आवाज खाली आणला. "मग दवाखान्यात का नाही नेलं?"

"नेत नसतेत जी. जागा बदलली का घाबरते."

साहेबांनी डोक्यावरची हॅट काढली आणि सगळा लवाजमा चहाकडे वळला. दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी जीपमधून मुद्दाम चौकशी केली, "बाई बरी आहे ना?"

"बेस हाय जी," गुलाबराव म्हणाले. "सात झाले."

जीप फाटकापर्यंत गेली, तिथं थांबली आणि थोड्या वेळानं पुन्हा निघाली. आत काय बोलणं झालं ते आम्हाला कधी कळलं नाही.

ही गोष्ट अकोल्याबाहेरच्या जनावरांच्या एका संशोधन केंद्रावरची. साल अठ्ठावन्न-एकोणसाठ असेल. मी अमरावतीहून नुकताच तिथं नोंदी लिहायला लागलो होतो. गाईबैलांच्या मोठ्या गोठ्यांमागे, बाभळींच्या रांगेपलीकडे सशांची एक टिनाची शेड होती. वऱ्हाडच्या हवेत ससा कसा ठेवावा, त्याला किती जागा लागते, मादी किती वेळा विते, पिल्लं किती जगतात, याचा अभ्यास तिथं चाले. कागदावर हा अभ्यास डॉक्टरसाहेबांचा होता. ते पुण्याचे, जाड चष्म्याचे, भले गृहस्थ. प्रत्यक्षात तो गुलाबराव करत आणि मी लिहून घेई.

गुलाबराव चांदूर बाजारकडचे. वय पन्नाशीच्या आसपास, अंगानं उंच आणि हाडकुळे. सही करण्यापुरतं लिहिता येई, वाचता येत नसे. शेडमध्ये शिरताना ते चपला बाहेर काढत. खोकला यायचा असेल तर बाभळीखाली जाऊन खोकून येत. आमच्याकडूनही तीच अपेक्षा. वीत असताना मादी दचकली तर पिल्लं खाऊन टाकते, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि चौथ्या दिवशी माझा टाक बंद केला. "लय करकरते तो," म्हणाले. तेव्हापासून मी पेन्सिलीनं लिहू लागलो.

माद्यांना ते 'लेकी' म्हणत. जुळवायच्या वेळी नराला मादीकडे नेत नाहीत, कारण स्वतःच्या पिंजऱ्यात ती त्याला फाडून काढते. तिलाच त्याच्याकडे न्यावं लागतं. गुलाबराव तिला छातीशी धरून घेऊन जात. "सासरी निघाली," असं मला सांगत, मी वेळ लिही. दोन-तीन मिनिटांत तिला परत आणत.

"सशाची रीत बरी हाय जी," एकदा म्हणाले. "काम झालं का लगेच माहेरी. आपण कुठी पाठवतो?"

मी हसलो. ते हसले नाहीत. मला वाटलं, विनोद सांगून स्वतः गंभीर राहायची त्यांची तऱ्हा असेल.

बारा-चौदा दिवसांनी पोट चाचपायचं असे. डॉक्टरसाहेब पुस्तक उघडून बसत, गुलाबराव डोळे मिटून. बोटं पोटाखालून हळूहळू फिरत आणि ओठ हलत. "सहा. सातवं लहान हाय." बहुतेक वेळा तेवढीच निघत. अठ्ठाविसाव्या दिवशी पिंजऱ्यात पेटी ठेवायची. मादी आपल्याच पोटावरचे केस उपटून तीत मऊ गादी करते. एका पहिलटकरणीनं केस उपटलेच नाहीत, तेव्हा गुलाबरावांनी जिनिंगमधून सरकी काढलेला कापूस आणला आणि सकाळभर एकेक पुंजका पेटीत लावत बसले.

एकदा डॉक्टरसाहेब घाबरून आले. एक मादी पिल्लांकडे फिरकतच नव्हती, कोपऱ्यात पाठ करून बसली होती. तिला धरून पाजायला लावा, असा हुकूम झाला.

"नको जी. ते दिवसातून एकडाव जाते, दोन-चार मिनिटं. मंग दूर बसते. जवळ बसली तं कोल्ह्याले वास लागन."

"इथं कोल्हा कुठून येणार?"

"तिले काय माहीत जी, का आपण शेडमंदी हाव."

डॉक्टरसाहेबांनी पुस्तक मिटलं.

दोघांचं एकाच गोष्टीवरून पटत नसे. पुस्तकाप्रमाणे पिंजरे तारेचे, जमिनीपासून कमरेइतके उंच होते. त्यानं स्वच्छता राहते आणि रोगराई कमी होते, आणि ते खरंही होतं. पण गुलाबराव मार्च लागला की म्हणायला लागत, "सशाले भुईत घर पायजे जी. माठ गाडू. उन्हाळ्यात लेकी आत थंड राहतीन."

"ओल धरेल, गुलाबराव. सगळी पिल्लं जातील."

दोन महिने हे चाललं. शेवटी, प्रयोग म्हणून चार माद्यांपुरती परवानगी मिळाली. गुलाबरावांनी कुंभाराकडचे तडकलेले चार माठ आणले, शेडच्या मागे, निंबाखाली स्वतः खड्डे खणले, माठ आडवे गाडले आणि आत शिरायला प्रत्येकाला एक बोळ ठेवला.

मेच्या मधल्या एका दुपारी पंप बंद पडला. हौदात होतं तेवढं पाणी गोणपाटांवर मारून एक वाजेपर्यंत संपलं. टिन तापलं होतं, लू शेडमधून आरपार जात होती. ससे लांब पसरून पडले, कान लालभडक झाले. गुलाबराव आपल्या प्यायच्या पाण्यात फडकं बुडवून एकेकीचे कान पुसत होते. या टोकाहून त्या टोकाला पोचेपर्यंत मागच्या दोन गेलेल्या असत. दिवस भरत आलेल्या एकीला त्यांनी मांडीवर घेतलं. ती तिथंच गेली. तरीही पोटावरचा हात त्यांनी बराच वेळ काढला नाही. आतली अजून हलत होती, असं नंतर म्हणाले.

चार वाजता निम्म्याहून जास्त पिंजरे निश्चल होते. माठांतल्या चारही माद्या जिवंत होत्या. मी आत हात घालून पाहिलं, पिल्लं उबदार आणि पोटभर प्यालेली होती.

डॉक्टरसाहेब चष्मा काढून बाकावर बसले होते. "तुमचं ऐकायला हवं होतं, गुलाबराव."

"तुमी चार तरी आयकल्या जी," गुलाबराव म्हणाले. "मी तं एक बी..." एवढंच म्हणाले आणि पोतं उचलून मेलेले ससे पुरायला गेले. ते वाक्य मला तेव्हा समजलं नाही.

पुढच्या वर्षापासून सगळ्या माद्यांना माठ मिळाले. डॉक्टरसाहेबांनी अहवालात लिहिलं की ही सूचना गुलाबराव तायड्यांची. अहवाल वरून परत आला तेव्हा ते वाक्य लाल पेन्सिलीनं खोडलेलं होतं. डॉक्टरसाहेबांनी ते पुन्हा घातलं. मग एक दिवस शेडच बंद करायचा हुकूम आला. ससे थंड हवेच्या ठिकाणी हलवायचं ठरलं. ट्रक आला त्या दिवशी तीन माद्यांचे दिवस भरत आले होते. गुलाबराव फाटकात आडवे उभे राहिले. डॉक्टरसाहेबांनी आपल्या सहीनं त्या तिघींना दीड महिना मागे ठेवलं. दीड महिन्यानं त्याही पिल्लांसकट गेल्या.

गुलाबरावांची बदली बैलांच्या गोठ्यावर झाली. त्या कागदावर त्यांची सही घ्यायला मी त्यांच्या घरी गेलो. तोवर त्यांच्या घरी कधी गेलोच नव्हतो. ते एकटे राहत, बायको फार पूर्वी वारली होती, एवढंच ऐकून होतो.

घराची ओसरी पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांचा, कुड घालून बंद केलेली होती. आतून-बाहेरून लिंपलेली, खिडकीला ओलं गोणपाट. आत नवी बाज, बाजेखाली शेकायला शेगडी, कोनाड्यात डिंक आणि खोबरं. बाजेवर धुतलेली वाकळ, घडी न मोडलेली.

"गुलाबराव," मी म्हटलं, "आता घरीच ससे पाळता की काय?"

"नाई जी. शांतासाठी हाय. माही लेक."

त्यांना मुलगी आहे हे मला पाच वर्षांत माहीत नव्हतं. ते खाली बसले, मीही बसलो.

"नागपुरात दीक्षा घेतली त्याच साली लगन केलं तिचं. धारणीच्या पलीकडं देली. जावाई जंगलखात्यात हाय. पयल्या खेपेले तिचं पत्र आलं, बाबा, न्यायले या. मी म्हटलं, घरात बाईमाणूस नाई, मले काय समजते त्यातलं. तिथंच राहाय म्हणून कोणाकून तरी लिवून धाडलं."

"मग?"

"पावसानं रस्ता बंद झाला. सुईण पोचली नाई. ते वाचली, लेकरू नाई वाचलं." ते आपल्या हातांकडे बघत होते. "मंगच मी सायबाले म्हटलं, मले बैलांवरून सशांकडं टाका. दुसरं तिनं तिथंच केलं. मले कळवलं बी नाई. आता पुन्हा दिवस हायेत म्हणून आयकलं. आता मले समजते थोडंफार."

त्यांनी कोनाड्यातून एक कोरं पोस्टकार्ड काढलं. मी लिहिलं, ते सांगत गेले. खोली बांधली आहे. थंड राहते. शेजारची मथुराबाई दिवसभर यायला तयार आहे. कधी न्यायला येऊ ते कळव.

"माफ कर, असं लिहू का?" मी विचारलं.

त्यांनी विचार केला. "नको जी. कार्ड उघडं असते. लोक वाचतेत. ते म्या तिच्यासमोर म्हणन."

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. ते कार्ड घेऊन गोठ्यावरून सरळ माझ्या टेबलाशी आले आणि उभेच राहिले. अक्षर जावयाचं होतं. सर्व खुशाल आहे. शांता येणार नाही म्हणते. इथं सोय झाली आहे. काळजी नसावी.

मी हळू वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं, मी पुन्हा वाचलं. त्यांनी कार्ड घेतलं, अक्षरं दिसतात त्या बाजूनं थोडा वेळ बघितलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

"ह्या खेपेले नाई म्हणते," ते म्हणाले.

'ह्या खेपेला' असं कार्डात कुठंच नव्हतं. मी मान हलवली, आणि ते बैलांना पाणी दाखवायला गेले.