कोरम आहे तोवर

भूगावच्या मार्तंड हाइट्समध्ये सूर्याविषयी इतकी आस्था होती, की सूर्य पाहणारी सोसायटीतली एकमेव दुर्बीण गच्चीवरून हटवून तिथे पार्टीसाठी मांडव घालण्याचा ठराव नेमका रथसप्तमीला मांडायचे ठरले. दुर्बीण अण्णासाहेबांची. आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ रोज सकाळी तिच्यातून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडीत आणि त्याच्यावरचे डाग कालच्यापेक्षा किती सरकले ते पाहत. गच्चीचा तो कोपरा गेला, तर त्यांच्या वाट्याला सूर्य उरणार होता तो समोरच्या टॉवरच्या काचेतला, म्हणजे उसना.

सचिव चंद्रकांत नियमाला पक्का. मागच्या सभेत अण्णासाहेबांनी पाण्याच्या टाकीच्या ठरावाला "माझी संमती आहे" असे म्हटले, तर त्याने ते मत बाद केले होते. "तोंड चालत नाही, हात वर दिसला पाहिजे." कोरम मात्र त्याला कधी लाभत नसे. म्हणून या वेळी त्याने सभा, उतू घालवलेल्या दुधाची खीर आणि अण्णासाहेबांचे व्याख्यान असा तिहेरी सापळा पार्किंगमध्ये लावला. बळी द्यायचा त्याला आधी हार घालावा, ही आपली जुनी रीत.

"काका, सूर्य स्वतःभोवती फिरतो म्हणता," चंद्रकांतने खीर वाटण्याआधीच विचारले. "त्याला फिरवतं कोण?"

"कुणी नाही. ज्या वायूच्या ढगातून तो झाला, त्या ढगालाच मुळात थोडी गिरकी होती. ढग आकसत गेला, तशी गिरकी वाढली. थांबवणारं कुणी नाही, म्हणून फिरतोय."

"आपल्या सभेसारखं," हिंजवडीला नोकरी करणारा शैलेश मागून पुटपुटला.

"आणि सबंध सूर्य एका वेगानं फिरत नाही. मधल्या पट्ट्याची फेरी पंचवीसेक दिवसांत होते, ध्रुवांकडच्या भागाला पस्तीसेक लागतात."

"एकच वस्तू दोन वेगांनी?" चंद्रकांत मंडळींकडे पाहून हसला. "काका, पंखा तरी असा फिरतो का?"

राग आला की अण्णासाहेबांची भाषा अधिक सभ्य होई. "पंखा पत्र्याचा असतो, सूर्य वायूचा आहे. करूनच दाखवतो. आपण कृपा करून मध्यभागी उभे राहावे. सूर्य वरून पाहतोय असं समजा; मधोमध आपण, म्हणजे ध्रुव."

मध्यभाग म्हटल्यावर सचिव नाही कशाला म्हणेल? त्याच्याभोवती ज्येष्ठांचे कडे झाले, त्याबाहेर संसारी मंडळींचे, आणि सर्वांत बाहेर शैलेश व त्याचे आयटीतले सोबती, म्हणजे विषुववृत्त. दोर दिला सारजाबाईंनी. त्यांच्या भातखाचरावर ही सोसायटी उभी होती. चार फ्लॅट भाड्याने देऊनही त्यांनी गोठा मोडला नव्हता.

"वैरणीचा दोर हाय, मास्तर," ज्येष्ठांच्या कड्यात शिरताना त्या म्हणाल्या. "एकदा आवळला का सुटत न्हाई."

दोराचे एक टोक चंद्रकांतच्या कमरेला बांधले, दुसरे सगळ्या कड्यांमधून सरळ नेऊन शैलेशच्या हाती दिले. "हा दोर म्हणजे सूर्याची चुंबकीय रेषा," अण्णासाहेब म्हणाले. "बाहेरच्यांनी झपझप चालायचं, आतल्यांनी रेंगाळायचं. चला."

मंडळी चालू लागली. मनगटातली घड्याळे पावले मोजत असल्याने विषुववृत्ताला भलताच उत्साह चढला. पाहता पाहता सरळ दोर वाकला, वाकलेला गुंडाळला, आणि आतली कडी घट्ट बिलगत गेली. अण्णासाहेबांनी वेळीच थांबवायला हवे होते. पण फळ्यावरच्या ज्या आकृतीसमोर विद्यार्थ्यांच्या तीन पिढ्या डुलक्या घेत आल्या, ती प्रथमच जिवंत होऊन पार्किंगमध्ये वळत होती. त्यांना 'थांबा' म्हणवेना. दोर संपला तेव्हा विषुववृत्तही आत ओढले गेले होते.

"शैलेश, सोड ना दोर," आतून कोणी कण्हले.

"सोडतो, पण आतल्या कड्यातले जनार्दनकाका दोरावरच रेललेत. पडतील."

"माजी बगल कुनाच्या तरी ढेरीत आडाकलीया," सारजाबाई म्हणाल्या. "ढेरी कुनाची हाय ती हलवा."

"ढेरी माझी आहे, आजी. हलवायला जागा नाही."

माणसांच्या त्या मोळीच्या मधोमध चंद्रकांतने मान उंचावून डोकी मोजली आणि त्याचा चेहरा उजळला. सभासद झाडून सारे हजर, आणि एकालाही खीर खाऊन पळता येणार नव्हते.

"कुणी सोडवू नका," तो म्हणाला. "कोरम आहे तोवर ठराव उरकू. गच्चीवरची दुर्बीण काढावी, याच्या बाजूनं जे असतील त्यांनी हात वर करा."

मोळी हलली. कोपरे दंडांवर आदळले, एक चष्मा पडला. हात मात्र कोणाचाही वर आला नाही.

"आमचा पाठिंबा आहे हो," एक गुदमरलेला आवाज आला.

"तोंड चालत नाही," अण्णासाहेब अदबीने म्हणाले. "हात दिसला पाहिजे."

चंद्रकांतने आपला हात खांद्यापर्यंत आणून पाहिला. तो कोणाच्या तरी पदरात गुंतला. नियमाचा माणूस तो. शेवटी कोरड्या आवाजात म्हणाला, "ठराव नामंजूर."

"एवढा खटाटोप कश्यापायी केला, ते काय कळलं न्हाई," सारजाबाई म्हणाल्या. "पर दुर्बीण राहिली न्हवं? मग सोडा आता."

"काका," चंद्रकांत म्हणाला, "मोकळे तुम्हीच आहात. सोडवा."

अण्णासाहेबांनी खिरीची एक वाटी भरून घेतली, खुर्ची मोळीसमोर ओढली आणि शांतपणे बसले.

"सोडवतो," ते म्हणाले. "कोरम आहे तोवर डागांचंही सांगून टाकतो."