एकमेव पसंतीचे तीन अर्ज

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी, दुपारी साडेचार वाजता, दशरथ ऑफिसातल्या झेरॉक्स मशीनच्या आडोशाला उभा राहून मोबाइलवर निबंध लिहीत होता. विषय होता, 'मला याच महाविद्यालयात कायदा का शिकायचा आहे'. खरं तर निबंध मुलीने लिहायचा होता. पण मुलगी आठ दिवस "बघू" यापलीकडे काही बोलत नव्हती आणि अर्जाची मुदत पाच वाजता संपत होती.

मुलगी म्हणजे अनुष्का. बारावीत होती, वय सतरा. वकील व्हायचं हे तिने नववीतच जाहीर केलं होतं आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून चेअरमनना गप्प बसवल्यापासून ते घरच्यांनाही पटलं होतं. प्रश्न एवढाच होता की शिकायचं कुठे. यंदा काही खासगी कॉलेजांनी 'अर्ली डिसिजन' नावाचा प्रकार काढला होता. एकाच कॉलेजात अर्ज करायचा, 'तुम्ही घेतलंत तर दुसरीकडे कुठेही जाणार नाही, दुसरीकडे अर्जही केलेला नाही' असं हमीपत्र पालकाच्या सहीनिशी द्यायचं आणि बदल्यात कॉलेज सगळ्यांच्या आधी प्रवेश पक्का करणार. थोडक्यात साखरपुडाच. फरक एवढाच, की साखरपुडा मोडता येतो.

यावर त्यांच्या मीरा रोडच्या फ्लॅटमध्ये तीन रविवार चर्चा झाली होती. दशरथचं म्हणणं, पुणे. वीस वर्षांचा असताना तो एकदा नोकरीच्या मुलाखतीला पुण्याला गेला होता. नोकरी मिळाली नाही, पण गाव मनात बसलं ते बसलंच. त्याची बायको मृणालिनी नवी मुंबईवर अडून होती.

"मीरा रोडहून रोज नवी मुंबई? जाऊन येऊन चार तास!" दशरथ म्हणाला.

"मग काय झालं? रात्री घरी तर येईल. हॉस्टेलचं जेवून पोरीची काडी होईल."

अनुष्काने मध्येच एकदा बंगलोरचं नाव काढलं. त्यावर दोघंही एकदमच हसले. तीन रविवारांत नवरा-बायकोचं एकमत झालेली ती एकच गोष्ट.

तर चार अठ्ठावन्नला दशरथने अर्ज धाडला. अनुष्काची सही घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होतीच, बारावीच्या फॉर्मसाठी तिनेच स्कॅन करून टाकलेली. पालक म्हणून स्वतःची सही ठोकली आणि पोरीचं भलं केल्याच्या समाधानात त्याने दोन वडापाव खाल्ले.

पुढच्या शनिवारी सकाळी पुण्याहून फोन आला. दशरथ घाईघाईने गॅलरीत गेला. निवड झाली होती! तो उड्या मारतच आत आला, तर स्वयंपाकघरातून मृणालिनी हातात फोन घेऊन तशीच उड्या मारत बाहेर येत होती.

"अहो, रागवणार नसाल तर एक सांगू?"

"आधी मी सांगतो. अनुला सीट मिळाली!"

"तुम्हाला कसं कळलं? फोन तर मला आला!"

"तुला? पुण्याहून?"

"पुण्याहून कशाला? नवी मुंबईहून!"

दोघंही हळूच सोफ्यावर बसले. एकाच मुलीने दोन कॉलेजांना 'माझी एकमेव पसंती' म्हणून लिहून दिलं होतं आणि दोन्हीकडे तिचेच आईबाप साक्षीला होते.

"सही कुठून घेतलीस?" दशरथने विचारलं.

"ग्रुपवरून. तुम्ही?"

तो उत्तर देणार तोच त्याचा फोन पुन्हा वाजला. उत्तनच्या कोळीवाड्यातून त्याची आई, गोदूबाई. सत्तरी उलटली तरी ती रोज बाजारात मासळी विकायला बसायची आणि फोनवर बोलतानाही गिऱ्हाइकाला हाक मारल्यासारखी बोलायची.

"दशरथ! कोन बंगलोरची बाई सकालधरनं फोन करते रे. पोरीला सीट भेटली म्हनते. मी बोलले, सीट कंची? बसची?"

"बंगलोरची? आये, तुझा नंबर त्यांच्याकडे कसा?"

"पोरीनं लिवला व्हता. मी सही नाय का केली!"

दशरथने फोन खाली ठेवला. "तीन," तो मृणालिनीला एवढंच म्हणाला.

दुपारी अनुष्का क्लासहून आली, तेव्हा आईबाप परीक्षा हॉलबाहेर उभं केलेल्या मुलांसारखे तिची वाट पाहत होते. सगळं ऐकून ती शांतपणे म्हणाली, "निबंध दाखवा."

आधी तिने वडिलांचा वाचला. "'पुण्याची हवा मला बालपणापासून खुणावते.' पप्पा, मी पुण्याला एकदाच गेलेय. लग्नाला. आणि घाटात मला उलट्या झाल्या होत्या."

मग आईचा. "'मी आईला सोडून एक रात्रही राहू शकत नाही.' आई, मे महिन्यात मी बावीस दिवस कॅम्पला होते. मजेत होते."

"तू होतीस गं मजेत," मृणालिनी म्हणाली आणि पदराशी चाळा करत राहिली.

"आणि तू काय लिहिलंस?" दशरथने विचारलं. अनुष्काने जरा कां-कूं करत मोबाइल पुढे केला. निबंध छोटाच होता. त्यातली दोन वाक्यं दशरथने दोनदा वाचली. 'माझ्या घरची माणसं खूप चांगली आहेत, माझी बाजू ती नेहमी माझ्या आधीच मांडतात. मला ती एकदा स्वतः मांडून बघायची आहे.'

त्याने मोबाइल तिला परत दिला. मग तो खाकरला. "असं करू. दोन ठिकाणी कळवू, पोरीला कावीळ झाली."

"पप्पा, वकिलीची सुरुवात खोट्या काविळीने करू?"

तिने तिन्ही कॉलेजांना एकच मेल केलं, जे झालं ते जसंच्या तसं लिहून. पुणे आणि नवी मुंबईने सोमवारीच दोन ओळींत निवड रद्द केली. बंगलोरने मात्र कळवलं: निर्णय राखून ठेवला आहे, सही करणाऱ्या पालकांशी आम्हाला बोलायचं आहे. बुधवारी अकरा वाजता, व्हिडिओवर.

बुधवारी दशरथने रजा टाकली आणि तिघंही उत्तनला पोहोचले. अंगणात बोंबील वाळत होते. त्यांच्या अलीकडे खुर्ची टाकून, ठेवणीतलं लुगडं नेसून गोदूबाई बसली. दशरथने तिला तासभर पढवलं. "शिस्त, परंपरा, उज्ज्वल भविष्य, हे शब्द यायला पाहिजेत, आये."

"येतील रे. गप बस."

स्क्रीनवर एक मॅडम आणि एक चष्मेवाले सर आले. मॅडमनी हिंदीत विचारलं, "बच्ची के माता-पिता हैं, फिर साइन आपने क्यों किया?"

गोदूबाईला बाजारातली हिंदी फर्डी येत होती. "वो दोनों को पूछती तो दोनों बोलते, हम सोच के बताते. तो मेरे पास आई. मैं पूछी, तेरे को किधर जाने का? वो बोली, बंगलोर. मैं बोली, ला पेन."

"बस? इतना ही पूछा?"

"और क्या पूछने का?"

दशरथ खाली बघू लागला. तीन रविवार मिळून त्याने पोरीला शंभर गोष्टी सांगितल्या होत्या. हा एक प्रश्न तेवढा विचारला नव्हता.

चष्मेवाले सर कडक आवाजात म्हणाले, "लेकिन माता-पिता ने दो जगह और वचन दिया. हम इस परिवार पर भरोसा कैसे करें?"

"परंपरा," दशरथ खुर्चीमागून कुजबुजला. "परंपरा म्हण, आये."

"वो दोनों पे भरोसा मत करो, साब," गोदूबाई म्हणाली. "इधर ही बैठे हैं, खुर्ची के पीछे छुप के. मेरे को शिकाते हैं. पोरगी पे करो. झूठ बोलने का चान्स था, उसने सच लिखा ना?"

मॅडम तोंडावर हात ठेवून हसल्या. सर हसले नाहीत, पण त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

दोन दिवसांनी मेल आलं. अनुष्काने ते मोठ्याने वाचलं. प्रवेश पक्का झाला होता! मृणालिनीने आधी डोळे पुसले, मग लेकीला जवळ घेतलं, मग पुन्हा डोळे पुसले. दशरथने सगळ्या नातेवाइकांना कळवायला फोन हातात घेतला.

"थांबा, खाली एक अट आहे," अनुष्का म्हणाली आणि तिला हसू आवरेना. "'झाला प्रकार लक्षात घेता, पाचही वर्षं हजेरी, निकाल, सुट्ट्या आणि हॉस्टेलबाबतचा सर्व पत्रव्यवहार केवळ अधिकृत पालक श्रीमती गोदूबाई यांच्याशीच केला जाईल. इतर नातेवाइकांनी कृपया कॉलेजशी संपर्क साधू नये.'"

दशरथने ताबडतोब उत्तनला फोन लावला. "आये, म्हणजे पोरीची काही खबर हवी असली तर मी तुला विचारायचं?"

"इचार की. मी कधी नाय बोलले?" पलीकडून कोणीतरी पापलेटचा भाव विचारत होतं. "पन आता नको. फॉर्म भर, तुजी सही कर, मंग बघते."