समुद्राकडे पाठ केलेलं घर

स्वतःविषयी स्वतःच सांगणं बरं दिसत नाही. पण दुसरं कोणी सांगत नाही, त्यामुळे नाइलाज आहे. माझं नाक लांब आणि सरळ आहे, आणि जिथे गुन्हा असतो तिथे ते माझ्याआधी पोहोचतं. गुन्हा नसतो तिथेही पोहोचतं, पण तो नाकाचा दोष नाही, गुन्ह्याचा आहे. नोकरीत असताना मी एका गोदामावर पहारेकरी होतो. माझ्या काळात तिथे एकदाही चोरी झाली नाही. गोदामात नुसती रिकामी पिंपं होती, असं माझे हितशत्रू सांगतात. ती रिकामी का होती, हा प्रश्न मात्र त्यांना कधी पडला नाही. मला पडला होता. सामान्य माणूस आणि गुप्तहेर यांच्यात फरक असतो तो एवढाच.

आमची ही मला गुप्तहेर मानत नाही. ती मला ‘अहो’ मानते.

निवृत्तीनंतर समुद्रकाठी घर घ्यायचं, ही तिची इच्छा. तिची हयात ज्या स्वयंपाकघरात गेली, त्याच्या खिडकीतून समोरच्या इमारतीचे सांडपाण्याचे पाइप दिसत. कुठल्या मजल्यावर कोण आंघोळीला गेलंय, हे ती भाजी चिरता चिरता आवाजावरून सांगायची. “आता उरलेला स्वयंपाक मी समुद्राकडे बघत करणार,” असं तिने जाहीर केलं आणि आम्ही घरं बघायला लागलो.

माझ्यासारखा माणूस बरोबर असला की घर घेणं सोपं नसतं. एका घराला ताजा रंग दिलेला होता, म्हणजे भिंतीवरचं काहीतरी लपवायचं होतं. दुसऱ्याचा रंग उडालेला होता, म्हणजे लपवण्यासारखं काही नाही असं भासवायचं होतं. आणखी एका घराचा मालक हसतमुख निघाला. त्याच्या तर मी अंगणातही पाय ठेवला नाही.

“हे शेवटचं,” एका शिंप्याचं घर बघायला जाताना ही म्हणाली. “इथे तुम्ही काही शोधून काढलंत, तर मी सरळ ताईकडे राहायला जाईन. मग बसा एकटे, पिंपं राखत.”

घर अगदी वाळूला लागून होतं. दाखवायला एक दलाल आला होता. त्याच्या तोंडून प्रत्येक दोष गुण होऊन बाहेर पडायचा. छप्पर गळतं, कारण घर हवेशीर आहे. दार लागत नाही, कारण शेजार चांगला आहे. मालक म्हणजे तो शिंपी, गळ्यात टेप घातलेला किडकिडीत माणूस. तो दलालाच्या मागे मागे असा चालत होता, की घर त्याचं नसून दलालाचं आहे आणि हाच ते घ्यायला आलाय असं वाटावं.

बाहेरची खोली हिला आवडली. आतलीही आवडली. मग आम्ही स्वयंपाकघरात गेलो आणि ही जागच्या जागी थांबली.

ओटा समुद्राच्या बाजूला होता. लाटा इतक्या जवळ ऐकू येत होत्या, की कोणीतरी पलीकडच्या खोलीत भांडी घासतंय असं वाटावं. आणि ओट्याच्या वर, जिथे खिडकी असायला हवी, तिथे कोरी भिंत. खिडकी नाही, झरोका नाही, साधं भोकसुद्धा नाही.

“इथे खिडकी का नाही हो?” हिने विचारलं.

शिंप्याने दलालाकडे पाहिलं. दलाल म्हणाला, “वारा. खारा वारा फार वाईट, ताई. भांडी गंजतात.”

“हो. वारा,” शिंपी म्हणाला.

पुढच्या दारातून आलेल्या त्याच वाऱ्याने स्वयंपाकघराच्या दाराचा पडदा उडून त्याच्या तोंडावर बसला होता, तो त्याने शांतपणे बाजूला केला. माझं नाक जागं झालं. मी भिंतीजवळ गेलो. मधल्या चौकोनाचा गिलावा बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ होता. म्हणजे खिडकी होती, आणि ती कोणीतरी बुजवली होती.

“संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय,” दलाल म्हणाला. “तोवर काय ते सांगा.”

ही भिंतीकडे बघत होती. “खिडकी पाडता येईल,” ती हळूच म्हणाली. “पण आधी का बुजवली ते कळायला हवं. उगाच नाही कोणी बुजवत.”

इतक्या वर्षांच्या संसारात तिने मला प्रथमच केस दिली. निदान मी तरी तसं समजलो.

माझा पहिला तर्क चोरट्या मालाचा होता. शिंपी खिडकीतून होड्यांना इशारे द्यायचा, आणि टोळी पकडली गेल्यावर त्याने पुरावा विटांनी झाकला. त्याच्या मशीनजवळ रंगीबेरंगी दोऱ्यांची रिळं होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “लाल दोरा कशाला वापरता?”

“लाल कपड्याला.”

“आणि हिरवा?”

तो जरा थांबला. “हिरव्या कपड्याला.”

माणूस चांगलाच पढवलेला होता.

“घरात मंडळी दिसत नाहीत तुमची,” मी दिशा बदलली.

“ती गेली.”

“कुठे?”

“मुलीकडे. घर विकलं की मीही जाणार.”

बायको नाहीशी, खिडकी बुजवलेली आणि नवरा घर सोडून निघालेला. यापुढे तर्क करायला डोकं लागत नाही, आणि मी ते लावलंही नाही. मी भिंतीवर टकटक केलं. भिंतीला कान असतात म्हणतात; मी तिला माझाही एक दिला. आवाज पोकळ आला. मी भिंतीवर नव्हे, तिला टेकवलेल्या फळीवर टकटक करत होतो, हे नंतर कळलं.

“अहो, काय करताय?” ही म्हणाली.

मी सरळ उभा राहिलो आणि शिंप्याच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणालो, “या भिंतीत एक बाई आहे.”

मग शिंप्याने गळ्यातली टेप काढून नीट गुंडाळली.

“यांना घर द्यायचं नाही मला,” तो दलालाला म्हणाला. “दुसऱ्यांना बोलवा.”

हिने माझ्याकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने ओट्यावरून एकदा हात फिरवला, पदर सावरला आणि ती बाहेर पडली. ताईच्या घराकडे जाणारी बस डावीकडून सुटते. ही उजवीकडे, वाळूत वळली. मी टोपी डोळ्यांवर ओढली आणि तिचा पाठलाग सुरू केला.

शेजारच्या घराला समुद्राच्या बाजूने खिडकी होती. मी एका पालथ्या होडीमागे बसलो. ही त्या खिडकीशी जाऊन चुळबुळत उभी राहिली. सकाळपासून आम्ही बाहेर होतो. घरमालकाला खुनी ठरवल्यावर त्याच्याच घरात बाथरूम कुठे म्हणून विचारायचं तरी कोणत्या तोंडाने?

तिने गजावर टकटक केलं. आत एक बाई कणीक मळत होती. तिने मान वर न करताच सुरुवात केली.

“मागच्या बाजूला. आधी पाय धुवा, वाळू आत नको. कपडे बदलायचे असतील तर कडी लावा, दार नुसतं लोटू नका. फोन चार्ज करून मिळणार नाही. आणि फोटो काढायला सांगू नका, माझा हात हलतो.”

ही जाऊन आली. आता तिचा आवाज मोकळा होता. “फार लोक येतात का हो तुमच्याकडे?”

“सुट्टी लागली की रांग असते. समुद्राकडे खिडकी दिसली की लोकांना वाटतं, चौकशीची जागाच आहे.” बाईने कणकेचा गोळा आपटला. “त्या शिंप्याचं बरं. त्याने बुजवून टाकली.”

“म्हणून बुजवली?”

“तो बिचारा खिडकीत मशीन घेऊन बसायचा. याचं बटण तुटलं, त्याची पिशवी उसवली. सगळं फुकट, वर घाईत. एक जण तर ओली चड्डी घालून आला आणि पाठ फिरवून म्हणाला, ‘काढत नाही, उभ्याउभ्याच शिवा.’ त्याच आठवड्यात याने गवंडी आणला.”

ही हसायला लागली. खिडकीचा गज धरून हसली. मग डोळे पुसत, मागे न बघताच म्हणाली, “या आता होडीमागून बाहेर. टोपी दिसतेय.”

ती शिंप्याकडे परत गेली. मागोमाग मी गेलो, जरा अंतर ठेवून. त्याच्या हातात कात्री होती.

“भाऊ,” ती म्हणाली, “चड्डीचं कळलं मला.”

शिंप्याचे कान लाल झाले. “मी खरं सांगणार होतो, ताई. हे म्हणाले, लोकांचा त्रास आहे म्हटलं की गिऱ्हाईक पळतं.”

दलाल छपराकडे बघू लागला. ते खरोखरच हवेशीर होतं.

“खिडकी पाडलीत तर दिवसभर येतील बघा,” शिंपी म्हणाला.

“येऊ देत. मला कुठे शिवता येतं?” ती भिंतीवरच्या त्या उजळ चौकोनाजवळ गेली. “जन्मभर पाइपांकडे बघून स्वयंपाक केला मी. पाइप काही विचारायला येत नाहीत. द्या मला घर. आणि यांचं मनावर घेऊ नका. हे सगळ्यांनाच असं म्हणतात.”

शिंपी माझ्याकडे बघत राहिला. मी मोठ्या मनाने त्याला सर्व संशयांतून मुक्त केलं. त्याला व्हायला हवा तितका आनंद झाला नाही, पण घर त्याने आम्हालाच दिलं. आणि माझा तर्क काही अगदीच चुकला नव्हता. त्या खिडकीपाशी माणसं होतीच. फक्त ती जिवंत होती आणि ओली होती.

आता खिडकी पुन्हा झाली आहे, पहिल्यापेक्षा रुंद. ही ओट्याशी उभी असते आणि मी खिडकीजवळ स्टूल टाकून बसतो. वाळूतून एखादा चेहरा येतो. मी त्याची चाल बघतो, भिरभिरती नजर बघतो, आणि त्याने तोंड उघडायच्या आत सांगतो, “मागच्या बाजूला. आधी पाय धुवा.” तो थक्क होतो. तुम्हाला कसं कळलं, असं विचारतो. मी नाकावरून बोट फिरवतो आणि माझी पद्धत सविस्तर समजावून सांगू लागतो. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर होत ऐकत राहतो.

“अहो,” ही मागून म्हणते, “त्याला जाऊ द्या. आणि जरा बाजूला सरका, समुद्र दिसत नाही.”